पाच वाजता आलेले

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला मालक माझ्या आजीला मुळीच पटत नसे. मत्तयाच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय. पहाटे लावलेला गडी आणि दिवस बुडायला तासभर असताना लावलेला गडी, दोघांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवणारा तो मालक. आजी सोलापूरकडच्या ख्रिस्ती घरातून तुळजापूर तालुक्यात नांदायला आलेली, उपासना न चुकवणारी. पण १९७२च्या दुष्काळात तिनं खडी फोडली होती, आणि तिथं ढीग मोजून पैसे मिळत. “मग दुसऱ्या दिशी सकाळच्या पारी कामाला कोण येतंय?” असं ती पाळकसाहेबांना उपासनेनंतर सगळ्यांदेखत विचारायची. ते हसून टोपी घालायचे.

मलाही बरीच वर्षं आजीचंच म्हणणं खरं वाटलं. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर सास्तूर भागात मदतीला गेलो. पुढं तिथली पुनर्वसनाची घरं उभी राहिली ती जमिनीच्या हिशेबानं: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भूकंपानं घरं पाडताना सातबारा पाहिला नव्हता. ज्याचं जास्त त्याला जास्त, हा हिशेब डोळ्यांसमोर विटा-सिमेंटात उभा राहिला, तेव्हा मळ्याच्या मालकाकडं मी जरा निराळ्या नजरेनं पाहू लागलो.

आता हा दाखला आमच्या मंडळीत दर रविवारी येऊन बसतो. पुढच्या बाकांवर तीन-चार पिढ्यांची घराणी, दाराजवळ नवे विश्वासी. बसा कुठंही, असं सगळेच म्हणतात. सोयरीक, पंचकमिटी आणि दफनभूमीतली जागा, या तीन गोष्टी निघाल्या की मात्र कोण कधीचा हे आठवतं. जुन्यांचं गाऱ्हाणं खोटं नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. १९५६ला शीख, १९९०ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच. म्हणजे आमच्या बापजाद्यांनी ख्रिस्ती म्हणून नाव लावलं आणि सवलत गमावली. नव्यांतले काही कागदोपत्री जुनीच जात ठेवतात, बाप्तिस्मा पुढं ढकलतात आणि प्रार्थनेला येतात. “दिवसभराचं ऊन आम्ही सोसलं,” असं आमचे एक वडीलधारे म्हणाले. सवलत नाकारली सरकारनं. राग निघतो तो दाराशी बसलेल्या बाईवर.

उशिरा येणं सगळ्यांनाच सारखं भोवतं असंही नाही. ब्राह्मण कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. तोवर अहमदनगर भागातली कितीतरी महार-मांग कुटुंबं ख्रिस्ती होऊन जुनी झाली होती. टिळक तसे पाच वाजता मळ्यात आले, पण त्यांना कुणी दाराशी बसवलं नाही. आज त्यांच्या गीतांवाचून आमची उपासना होत नाही. प्रतिभा मोठीच, तरी तोच बाप्तिस्मा मांगवाड्यातल्या एखाद्या शाहिरानं घेतला असता तर, हा प्रश्न मला सुटत नाही. टिळकांना स्वतःला मात्र तो सुटला असावा. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र. टिळक आमचे म्हणून मिरवणाऱ्यांना हा दरबार सहसा आठवत नाही.

द्राक्षाच्या छाटणीला जाणारी एक नवी विश्वासी बाई आमच्या घरगुती प्रार्थनेत हा दाखला पहिल्यांदा ऐकत होती. उशिराच्या गड्यांबद्दल तिनं लगेच विचारलं, ते दिवसभर कुठं होते? चौकातच उभे होते, कुणी कामाला लावलं नाही, असं शास्त्रात आहे. “मग ऊन त्यांलाबी लागलंच की,” ती म्हणाली. “आन् घरी काय न्यावं ह्याचा घोर, त्यो वेगळा.” इतक्या उपदेशांत हे मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. आजी असती तर बाईशी वाद घालून शेवटी तिला जेवायला थांबवलं असतं.

यंदाच्या वार्षिक सभेत ठराव आला, की बाप्तिस्म्याला पाच वर्षं झाल्याशिवाय कमिटीच्या निवडणुकीत मत नाही. हा नियम लावला असता तर टिळकांना १९०० सालापर्यंत हात वर करता आला नसता, एवढंच मी बोललो. काहीजण हसले, काही रागावले. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे, आणि त्या सभेला नव्यांना बोलवायचं की नाही यावर आता वाद चालू आहे.