मुक्याची भूक

भुकेल्यास अन्न द्यावे, हा धर्म सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्याला आपली वेदना शब्दांनी सांगता येत नाही, त्याला अन्न देणे हे केवळ औदार्याचे काम नव्हे. पुढ्यात घास असूनही मुका जीव कृश होत जातो, तेव्हा देणाऱ्याच्या दृष्टीचीच परीक्षा असते.

नाशिकच्या अशोक स्तंभापासून पश्चिमेस गंगापूर धरणाकडे जाणारा गंगापूर रोड आज मोटारींनी गजबजलेला असतो. दुतर्फा इमारती आणि मंगल कार्यालये उभी राहिली आहेत. त्याच रस्त्याच्या आडबाजूस, एका पत्र्याच्या पागेत, एक वृद्ध गृहस्थ घोडे बाळगून आहेत. त्यांच्या वडिलांचा टांगा होता. टांग्यांचे दिवस सरले, पण घोड्यांचा लळा सुटला नाही. लग्नाच्या वरातींसाठी ठेवलेल्या दोन घोड्यांवर घरखर्चास हातभार लागतो. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा प्रसिद्ध बाजार भरतो. तेथून त्यांनी दोन वर्षांचे एक तांबूस शिंगरू आणले. थकत चाललेल्या घोडीची जागा पुढे त्याने घ्यावी, अशी त्यांची आशा होती.

शिंगरू उंच होत गेले. परंतु पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. आजोबा दर शनिवारी एक दोरी त्याच्या छातीभोवती धरून खुणेची गाठ मारीत. नवी गाठ जुन्या गाठीच्या अलीकडे पडू लागली. एका दलालाने अल्प किमतीस शिंगरू मागितले. घरातील काहींना तेच शहाणपणाचे वाटले. त्या जनावरावर नातवाचा मात्र फार जीव होता.

"आजोबा, याची चंदी दुप्पट करू या का?" त्याने विचारले.

"थांब बाळ," आजोबा म्हणाले, "किती खाल्ले ते तोबरा सांगतो, अंगी किती लागले ते लीद सांगते. आधी तिला विचारू."

लिदीत हरभऱ्याचे अख्खे दाणे होते. गव्हाणीखाली अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे पडले होते. आजोबांनी पशुवैद्यास बोलाविले. त्यांनी शिंगराचे तोंड उघडून पाहिले. सुमारे अडीच वर्षांच्या वयात घोड्याचे दुधाचे दात पडू लागतात आणि खालून कायमचे दात येतात. या शिंगराच्या दाढांवर दुधाच्या दाढांची टोपणे अडकून राहिली होती आणि हिरड्या सुजल्या होत्या. भूक होती, अन्न होते. चावण्याचे बळ तेवढे नव्हते. वैद्यांनी ती टोपणे काढली आणि लीद तपासून जंतांचे औषध दिले.

मग त्यांनी आहाराची व्यवस्था लावून दिली. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. त्यास ओकारीही होत नाही. एकाच वेळी पुष्कळ दाणा घातला, तर तो न पचता मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, पोटशूळ उठतो आणि प्रसंगी जीवही जातो. म्हणून चारा हे मुख्य अन्न आणि दाणा हे पूरक. भरडून भिजविलेला हरभरा एकदम न देता तीन वेळा थोडा थोडा विभागावा. भुशावर फार भिस्त ठेवू नये. त्यात स्फुरद अधिक आणि चुना कमी असतो, त्यामुळे वाढती हाडे दुबळी होतात. लसूणघासात चुना विपुल असतो, तो जोडीस द्यावा. मिठाचा खडा आणि स्वच्छ पाणी सदैव जवळ असावे. कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

आपल्या परंपरेस हे शास्त्र परके नाही. अज्ञातवासात नकुलाने ग्रंथिक या नावाने विराटाचे अश्व सांभाळले. पुढे, इ. स. 1674 च्या सुमारास, चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पत्र लिहून बजावले, की दाणा-वैरण आताच मनास येईल तशी उधळाल, तर पावसाळ्यात ती मिळणार नाही, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारिली असे होईल. त्या पत्रात अन्नाची चिंता आहे, तशीच उत्तरदायित्वाचीही जाणीव आहे.

शिंगराची प्रकृती एका रात्रीत सुधारली नाही. पहिले तीन शनिवार दोरीची गाठ जागची हलली नाही. नातू अधीर होई, तेव्हा आजोबा त्याच्या हाती खरारा देत आणि म्हणत, "अंग चोळ, डोळे बघ. घाईने दिलेला घास त्याला बाधेल." चौथ्या शनिवारी गाठ बोटभर पुढे सरकली. दलाल पुन्हा आला, तेव्हा आजोबांनी त्यास पाणी दिले, चहा दिला; शिंगरू मात्र दिले नाही.

वाढत्या जिवाची गोष्ट सर्वत्र अशीच असते. तो मागे पडला, की आपण त्याच्यापुढे आणखी काही ओततो, किंवा त्याला निरुपयोगी ठरवितो. परंतु कोठे दुखते, घास कोठे अडतो, हे शोधणारे डोळे त्यास आधी हवे असतात. दाणा बाजारात विकत मिळतो. ती दृष्टी मात्र ममतेने आणि धीरानेच कमवावी लागते.