बसून पडलेला खळगा

बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका सागवानी बाकापुढे पाय अडले. साडेचार फूट लांब, बिनपाठीचं, चार चौकोनी पायांचं साधं बाक. पुढची कड सगळीकडे सरळ, फक्त डाव्या टोकापासून हातभर अंतरावर आत गेलेली. तिथे तळहात ठेवला तर अलगद बसला. वरच्या फळीलाही त्याच जागी उथळ खळगा, पेलाभर पाणी सांडलं तर तिथेच साचेल असा. माझा हात रेंगाळलेला पाहून विकणारा घाईनं म्हणाला, "ताई, ते काही नाही. एक रंधा फिरवला की सपाट होईल."

मला ते सपाट करून नकोच होतं.

साग चिवट. अंगच्या तेलामुळे पाण्यापावसाला आणि वाळवीला सहजी दाद न देणारा. नुसत्या कपड्याच्या घासण्यानं तो पाव इंच झिजायचा, तर किती दुपारी गेल्या असतील? आणि सगळं बाक मोकळं असताना तो माणूस, की ती बाई, रोज तिथेच का बसली? शेजारी खिडकी असेल. समोर गल्ला असेल, किंवा आजारी माणसाची खाट.

जुनं बाक घेताना मी ते आधी उलटं करून बघते. वरची बाजू पॉलिशवाल्याची असते, खालची सुताराची. खालून हात फिरवला की हातरंध्याच्या बारीक लाटा बोटांना लागतात. यंत्रावर कापलेली फळी तशी लागत नाही. मग स्क्रू बघायचे. चौफुली खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात आले, तेव्हा "शंभर वर्षांपूर्वीचं आहे" म्हणून दाखवलेल्या बाकाला ते दिसले तर मध्ये कधीतरी दुरुस्ती झाली, एवढं समजावं. दुरुस्ती म्हणजे खोट नव्हे. कुणालातरी ते टाकवलं नाही, एवढाच तिचा अर्थ. सांध्यात मात्र मी तडजोड करत नाही. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत नीट बसवून पाचर मारलेला सांधा शंभर वर्षांनीही ठोकून घट्ट करता येतो. नुसत्या खिळ्यांवर उभं असलेलं बाक हलायला लागलं, की हलतच राहतं.

आणि त्यावर बसायचं. दहा मिनिटं, पिशवी मांडीवर ठेवून. जमिनीपासून सतरा-अठरा इंच उंची असली तर आईच्या वयाच्या माणसाला हाताचा आधार न घेता उठता येतं. गुबगुबीत सोफ्यातून तिला दोघांनी ओढून काढावं लागतं.

बसणाऱ्याची खूण बसायच्या जागेवर उमटते, हे मला पहिल्यांदा समजलं ते एका अंध माणसाकडून.

आजोबांची खुर्ची शिसवी होती, हातांची, बैठक वेताच्या जाळीची. आम्ही मुलं गुडघे टेकवून तिच्यावर चढायचो. जाळीला भार सगळीकडून सारखा लागतो, गुडघा मात्र एकाच जागी टोचतो. एक दिवस ती फाटली. आजोबा रागावले नाहीत, पण आठवडाभर पलंगाच्या कडेवर अवघडून बसून पेपर वाचत राहिले, आणि ते आम्हाला रागावण्याहून जड गेलं. मग एका सकाळी विणणारे मामा आले. पांढरी काठी, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी वेताची वेटोळी. त्या काळी अंधशाळांतून हे काम शिकवत. सरकारी कचेऱ्यांत, रेल्वेत खुर्च्या विणायला अंध कारागीर असत. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा वाटलं होतं, दिसत नाही तर हे विणणार कसं?

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि काहीच केलं नाही. नुसते हात फिरवत राहिले. फाटलेल्या जाळीचे कडेला उरलेले धागे चाचपले, पुढची पट्टी अंगठ्यानं दाबली. म्हणाले, "बसणारे उजवीकडे कलतात." आजोबांच्या डाव्या गुडघ्यात जुनं दुखणं होतं. ते आम्ही कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

मग जुनी जाळी कापली. पट्ट्यांच्या भोकांतून जुन्या वेताचे तुकडे दाभणानं ठोकून काढले. बोटाच्या टोकानं भोकं मोजली. पुढे 23, मागे 19. बैठक मागे निमुळती होत जाते, म्हणून दोन्हीकडून किती भोकं सोडायची याचा हिशेब त्यांनी पुटपुटत केला. वेत तोवर परातीत भिजत होता. त्यांनी माझ्या हातात एक पट्टी दिली आणि विचारलं, "कुठली बाजू वर?" मी बघून सांगितलं, चकाकणारी. ते म्हणाले, "बघू नकोस, सांग." डोळे मिटले तर एक बाजू नखावरून घसरत होती, दुसरी अडत होती.

आधी उभे ताण. मग त्यावर आडवे. मग पुन्हा उभे, पहिल्यांच्या किंचित बाजूला. चौथ्या फेरीला खरी वीण सुरू झाली, एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. माझं काम खुंट्या देण्याचं. ताणलेली पट्टी सुटू नये म्हणून ते भोकात लाकडी खुंटी खोचत, आणि पुढची पट्टी तिथे आली की काढून मला परत देत. नंतर तिरप्या दोन फेऱ्या, एक या कोपऱ्यातून, एक त्या. त्या तिरप्या पट्ट्या जाताना चौकोनांचे कोपरे कापले जाऊन हळूहळू अष्टकोनी डोळे उमलायला लागले, तेव्हा मी खुंट्या द्यायची विसरले. मामांचा हात हवेत तसाच थांबला. "झाले ना डोळे?" त्यांनी विचारलं. शेवटी भोकं झाकणारी रुंद पट्टी कडेनं टाचली. पहिल्या दिवशी संध्याकाळ झाली, दुसऱ्या दिवशीही दुपारची जेवणं होईपर्यंत ते बसले होते.

जाताना सांगून गेले. वाळल्यावर आणखी घट्ट होईल, आज कुणी बसू नका. पुढे कधी सैल पडली तर खालच्या बाजूनं ओलं फडकं फिरवा आणि रात्रभर तशीच ठेवा. मग बोटांनी जाळीवर टिचकी मारली. डग्गा वाजावा तसा आवाज आला. त्यांना हवा होता तोच असणार, कारण ते उठले.

वेत दिसतो बांबूसारखा, पण बांबू आतून पोकळ आणि वेत भरीव. खरं तर तो ताडामाडाच्या कुळातला, जंगलात झाडांच्या आधारानं चढत जाणारा वेल. विणायला वापरतात ती त्याची वरची साल.

मुंबईत इराण्याकडे गेले की मी बनमस्का सांगायच्या आधी खुर्ची बघते. धोबी तलावाचं कयानी 1904 चं. काळपट, वाकवलेल्या लाकडाच्या तिथल्या खुर्च्यांचं मूळ व्हिएन्नाच्या कॅफेत आहे. मिखाएल थोनेट यानं बीचचं लाकूड वाफेवर वाकवून 1859 मध्ये चौदा नंबरची खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या करून घनमीटरभर खोक्यात 36 मावत, म्हणूनच त्या बोटीतून जगभर गेल्या. त्या मूळ खुर्चीची बैठकही बहुधा वेताचीच असे. मला ती सगळ्यात सुंदर खुर्ची वाटते, कारण तिच्यातून एकही तुकडा काढून टाकता येत नाही.

उलट, बैलगाडीच्या चाकाचं टेबल, वाड्याच्या दाराची काच घातलेली बैठक, सागावर पांढरा रंग चोपडून मग तो मुद्दाम खरवडलेलं बाक मला पाहवत नाही. ज्याच्यावर माणसं बसली ते बसण्यासाठीच ठेवावं. घरात आणायचं तर अशा जागी, जिथे ते रोज लागेल: दाराशी चपला घालायला, स्वयंपाकघरात शेंगा सोलायला. कोपऱ्यात शोभेला ठेवलेल्या बाकावर महिन्याभरात इस्त्रीचे कपडे साठतात. बाकाची मला आवडणारी गोष्ट ही की त्यावर माणसं मोजलेली नसतात. खुर्ची एकाची. बाकावर तिघं बसलेले असताना चौथा आला, तर "सरका जरा" एवढं पुरतं.

जुन्या बाजारातलं ते बाक मी घेतलं. घरी आणून गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसलं, दोन दिवस सावलीत वाळवलं आणि चपडी लाखेचा एकच पातळ हात दिला. रंधा लावला नाही. दाराच्या आत डाव्या बाजूला ठेवलं आहे. त्या खळग्यात कोण बसतं हे मी मुद्दाम बघत नाही, पण आई आली की तिथेच टेकते.

आजोबांची खुर्ची मात्र आमच्याकडे उरली नाही. घर विकलं तेव्हा जाळी पुन्हा फाटलेली होती, आणि बैठकीवर प्लायवूड ठोकून ती कुणाला तरी देऊन टाकली. तुमच्या माळ्यावर, गावाकडच्या माजघरात अशी फाटक्या वेताची खुर्ची पडली असेल, तर तिच्यावर प्लायवूड ठोकू नका. विणणारे थोडे राहिले आहेत, पण आहेत. शहरात अंधांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत चौकशी करा, जुन्या फर्निचरच्या गल्लीत दोन दुकानांत विचारा. दोन दिवसांचं काम असतं.