गाडी घेणे आहे

माझ्या तिसऱ्या कादंबरीचा नायक एका वाक्यात मोटार घेतो. 'दुसऱ्या दिवशी सुधाकरने गाडी घेतली,' एवढे लिहून मी परिच्छेद बदलला आहे आणि त्याला थेट महाबळेश्वरच्या वाटेला लावले आहे. नायिकेच्या साडीचा रंग ठरवायला त्याच कादंबरीत मला दोन पाने लागली होती. गाडीला मात्र अर्धी ओळ पुरली. 2025 साली आमच्या घरात खरीखुरी गाडी घ्यायची वेळ आली, तेव्हा त्या सुधाकरची क्षमा मागावी असे मला कितीदा तरी वाटले.

आम्ही साताऱ्याला मंगळवार पेठेत राहतो. मी चित्रकलेचा मास्तर. दहावीनंतर कुंचला हातात घेतला तो आजतागायत सोडलेला नाही, आणि दहावीच्या गणिताची आठवण निघाली की आजही माझ्या पोटात गोळा येतो. आमची सौ. वाईच्या पुढे पाच किलोमीटरवर एका गावी, प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. चौदा वर्षे ती साताऱ्याहून वाईपर्यंत एस.टी.ने आणि तेथून पुढे वडापच्या जीपने जात आली. सकाळी सातला घर सोडायचे आणि संध्याकाळी पावणेआठला परतायचे. त्यातला निम्मा प्रवास उभ्याने. त्या वर्षी तिची पाठ इतकी दुखू लागली की डॉक्टरांनी सांगितले, "नोकरी सोडा, नाहीतर एस.टी. सोडा."

त्या रात्री जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "अहो, मी चौदा लाख साठवलेत. गाडी घेऊ या. कोणकोणत्या आहेत ते तुम्ही जरा बघून ठेवा."

वाचकहो, 'बघून ठेवा' आणि 'ठरवून टाका' यांत केवढे अंतर आहे, हे कोणाही नवऱ्याला विचारू नका. आम्हां मंडळींना ते दिसत नाही. मी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली आणि कामाला लागलो.

शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत सल्ल्याला तोटा नव्हता. गणिताचे सर म्हणाले, सरळ नवी घ्या. पी.टी.चे सर म्हणाले, नवी घेणारा मूर्ख, दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरते. कोणी म्हणाले विजेची घ्या. पण आमच्या बोळात गाडी रस्त्याकडेला उभी राहणार आणि आमचे घर दुसऱ्या मजल्यावर. तिथून वायर सोडली तर खालचे बिऱ्हाड तिच्यावर कपडे वाळत घालील. शेवटी विज्ञानाच्या बाईंनी 'हायब्रिड' हा शब्द उच्चारला, आणि सौ.च्या डाव्या गुडघ्याची तक्रार ठाऊक असल्यामुळे हेही सांगितले की, असल्या गाडीत क्लच दाबावा लागत नाही.

घरी येऊन मी आईला समजावून सांगू लागलो. "या गाडीत पेट्रोलचे इंजिनही असते आणि विजेची मोटरही."

"म्हणजे प्लग लावायचा?"

"नाही. ब्रेक दाबला, किंवा गाडी उताराला लागली की चाकेच मोटर फिरवतात आणि वीज तयार होते. ती बॅटरीत साठते. पुढे गाडी सुटताना आणि चढताना तीच उपयोगी पडते."

आई वाती वळत होती. ती म्हणाली, "म्हणजे उतारावर कमवायचं आणि चढावर खर्चायचं. माणसाचं असंच असायला हवं होतं."

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. पुढे साठ पाने भरली, पण त्याहून शहाणपणाचे वाक्य त्या वहीत दुसरे नाही.

वहीत काय होते ते थोडक्यात सांगतो. टोयोटाची प्रियस जपानात डिसेंबर 1997 मध्ये विक्रीला आली आणि ही विद्या घरोघर पोचली. आपल्याकडे होंडाने 2008 साली सिव्हिक हायब्रिड आणून पाहिली. 2013 पासून टोयोटाची कॅमरी हायब्रिड येथे जोडली जाऊ लागली. ती थोरामोठ्यांची गाडी. मारुतीच्या सियाजवर 2015 पासून हायब्रिडची मोहोर होती, पण ती सौम्य जातीची. तिच्यातली वीज इंजिनाला हातभार लावते, एकटी चाके फिरवीत नाही. जुन्या बाजारात 'हायब्रिड' एवढाच शब्द ऐकून हुरळून जाऊ नये, तो याच कारणाने. मध्यमवर्गाच्या जवळपास आलेली खरी हायब्रिड सेडान म्हणजे मे 2022 मध्ये आलेली होंडा सिटी ई:एचईव्ही. गावात हळू चालताना तिची चाके मोटर फिरवते. इंजिन चालू झालेच तर बहुधा वीज तयार करण्यापुरते. महामार्गावर वेग धरला की इंजिन स्वतः चाकांना जोडले जाते. कंपनीने तेव्हा लिटरला 26.5 किलोमीटर सांगितले होते. बॅटरीने डिकीतली जागा मात्र खाल्ली आहे. साध्या सिटीची डिकी 506 लिटरची, हिची 306 लिटरची.

आता हिशेब. आरंभी तिची किंमत सुमारे साडेएकोणीस लाख होती. त्यावर महाराष्ट्रातला रस्ता-कर आणि विमा धरला की आकडा बावीस लाखांच्या पुढे जात होता. 22 सप्टेंबर 2025 पासून असल्या गाड्यांवरचा एकूण कर 43 टक्क्यांवरून 40 वर आला, पण तेवढ्याने बावीसाचे चौदा होत नाहीत. सौ.चे वर्षाला वीस हजार किलोमीटर होणार. साधी पेट्रोल सेडान लिटरला 15 देते आणि हायब्रिड 22, असे मी धरले. कंपनीचा आकडा हा मुलीच्या बापाने सांगितलेल्या गुणांसारखा असतो, थोडा कमीच धरावा. वर्षाला 424 लिटर पेट्रोल वाचते. लिटरला 105 रुपये धरून साडेचव्वेचाळीस हजार रुपये. नव्या साध्या गाडीत आणि नव्या हायब्रिडमध्ये मला चार लाखांचे अंतर दिसले. म्हणजे ते भरून यायला नऊ वर्षे. जुन्या बाजारात मात्र, तीन वर्षे वापरलेल्या दोहोंत अंतर होते अडीच लाखांचे. ते पावणेसहा वर्षांच्या आतच भरून येते. नवेपणाची किंमत पहिल्या धन्याने मोजलेली असते, आणि बॅटरीची हमी तर 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची. तीन गेली तरी पाच उरतात. दहावीच्या गणिताने छळलेल्या माणसाने हे गणित सोडवले, याचा मला कोण अभिमान वाटला!

तेव्हा जुनीच घ्यायची, असे मी ठरवले. होय, मीच ठरवले. आणि एका रविवारी सौ.ला घेऊन जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या बाजारात गेलो. तिथे एक पांढरीशुभ्र हायब्रिड सेडान उभी होती. 48 हजार किलोमीटर चाललेली, किंमत साडेदहा लाख. बाजारभावापेक्षा तीन लाख कमी! मी रंग पाहिला. रंग हा माझा विषय. कुठे डाग नाही, ठिगळ नाही. आत अत्तराचा घमघमाट. मी वहीत बरोबरची खूण केली.

विक्रेता अदबीने म्हणाला, "साहेब, बसा ना. एक चक्कर मारून बघा."

मी किल्ली हातात घेतली आणि तसाच उभा राहिलो. कारण, वाचकहो, इतका वेळ मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवून ठेवली आहे. मला मोटार चालवता येत नाही.

येते ती आमच्या सौ.ला. तिचे माहेर सांगलीचे. सासरे फियाट टॅक्सी चालवीत, आणि अठराव्या वर्षी त्यांनी लेकीला शेजारी बसवून गाडी शिकवली. सारे आयुष्य एस.टी.त काढलेल्या त्या बाईजवळ वीस वर्षांपासून परवाना आहे. साठ पाने भरताना ही गोष्ट माझ्या एकदाही मनात आली नव्हती.

ती पुढे आली, पण चालकाच्या जागी बसली नाही. मागचे दार उघडून आत बसली, दार लावून घेतले आणि डोळे मिटून दोन मिनिटे नुसती बसून राहिली. विक्रेता माझ्याकडे पाहू लागला, मी आभाळाकडे. मग तिने मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रंगाची आडवी रेघ होती. बाहेर येऊन ती शांतपणे म्हणाली, "या गाडीत पूर येऊन गेलाय."

विक्रेता म्हणाला, "छे हो ताई! पावसात कुणी काच उघडी ठेवली असेल."

"ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला आमच्या घरात पाणी होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. आठ दिवस मी आणि माझा भाऊ घरातला गाळ उपसत होतो. दिवाळी आली तरी कपाटांतून तो वास गेला नव्हता. हा तोच वास आहे. वरून अत्तर मारलंय, एवढंच."

पुराचे पाणी कोणत्याही गाडीचा घात करते. हायब्रिडचा अधिकच, कारण तिची मोठी बॅटरी आणि जाड वायरी मागच्या बाजूला, पाणी जिथवर पोचते तिथेच असतात. जोडांना गंज धरतो आणि चार-सहा महिन्यांनी, भर पावसाळ्यात, रात्री कुठेतरी गाडी मान टाकते. तिथे माझी बायको एकटी असती. चौदा वर्षांची साठवण साडेदहा लाखांच्या गाळात गेली असती, आणि त्यावर बरोबरची खूण मी केली होती.

परतताना आम्ही एस.टी.त होतो. तिला बसायला जागा मिळाली, मी शेजारी उभा. पाचवडपर्यंत कोणी बोलले नाही. मग मी म्हणालो, "तुला कशी गाडी हवी आहे?"

तिने वर पाहिले. "महिन्यानं विचारलंत!" रागाने नाही, जरा हसूनच ती म्हणाली. आणि बोटे मोजू लागली. "पाठीला आधार हवा. क्लच नको. कर्ज नको, पोराच्या पुण्याच्या वसतिगृहाचे पैसे अजून तीन वर्षं भरायचेत. आणि रात्री भुईंजच्या पुढे बंद पडणार नाही, असा भरवसा हवा. रंग कसलाही चालेल."

चार ओळींची वही! माझ्या साठ पानांत यांतले एकही कलम तिला विचारून लिहिलेले नव्हते.

पुढची गाडी तिनेच शोधली. वाईचे एक निवृत्त गृहस्थ, त्यांच्या पत्नी तिच्याकडे रक्तदाब तपासायला येत. दोघे मुलीकडे बंगलोरला कायमचे निघाले होते. तीन वर्षांची गाडी, एकच धनी, 31 हजार किलोमीटर. आम्ही प्रथम विचारले ते एवढेच, "का विकता?" सरळ प्रश्नाला सरळ उत्तर आले की निम्मी तपासणी झाली. उरलेली निम्मी तिने केली. पसरणीच्या घाटाने ती गाडी पाचगणीपर्यंत चढवली आणि उतरवली. चढताना पडद्यावरची बॅटरीची खूण खाली खाली गेली, उतरताना भरत भरत आली. मी शेजारी बसून आईचे वाक्य आठवत होतो. मग कंपनीच्या सेवा केंद्रात पैसे भरून बॅटरी तपासून घेतली, दुरुस्तीची सारी नोंद काढून घेतली आणि बॅटरीची हमी आमच्या नावे पुढे चालेल ना, हेही विचारून घेतले. विम्याचे जुने दावे पाहिले. पुस्तकावर बँकेचा बोजा नाही, याची खात्री केली. मालकी बदलायचे 29 आणि 30 क्रमांकाचे अर्ज भरण्याचे काम माझ्याकडे आले. माझे अक्षर चांगले आहे. नव्या गाड्या किंचित स्वस्त झाल्याने गृहस्थांनी आपण होऊन पन्नास हजार सोडले, आणि साडेतेरा लाखांना व्यवहार झाला.

2 ऑक्टोबरला, दसऱ्याला, गाडी बोळात आली. झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेवली. आईला मागे बसवले. सौ.ने बटण दाबले. दोन क्षण गेले आणि आई म्हणाली, "अगं सूनबाई, बंद पडली वाटतं!"

"नाही आई, सुरू झाली."

"आवाज नाही ती कसली गाडी?" असे आई म्हणाली खरी, पण लिंबे चिरडून गाडी हलली तेव्हा तिने हात जोडले.

आता सौ. सव्वासहाला घरी येते. रोजचा दीड तास तिला परत मिळाला आहे. पाठ पूर्ण बरी झालेली नाही, पण ती आल्या आल्या आडवी होत नाही. माझी मात्र एक पंचाईत झाली आहे. पूर्वी कोपऱ्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला की मी चहाचे आधण ठेवीत असे. ही गाडी बोळात शिरते ती मांजरासारखी. म्हणून हल्ली सहा वाजले की मी वही मिटतो आणि खिडकीत जाऊन बसतो.