मडगार्डमधून गार हवा

फोर-स्ट्रोक डिझेल इंजिन दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा हवेने भरून घेते. बोलेरो पिकअपमधले २५२३ सीसीचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टनच्या हालचालीनेच मिनिटाला सुमारे ३८०० लिटर हवा ओढली जाते. टर्बो ती हवा दाबून भरतो, त्यामुळे बाहेरून आत येणारी हवा साडेपाच-सहा हजार लिटरपर्यंत जाते. एक लिटर डिझेल जळायला किमान बारा किलो हवा लागते, म्हणजे जवळजवळ साडेदहा घनमीटर. धूर न होता जळायचे असेल, तर त्याहूनही बरीच जास्त. इंधनाचा भाव प्रत्येक गाडीमालकाला तोंडपाठ असतो. हवा फुकट मिळते, म्हणून ती कुठून येते आणि कोणत्या अवस्थेत येते, हे फारसे कोणी पाहत नाही. मडगार्डला झडप किंवा जाळी बसवून इंजिनाला बाहेरची हवा देण्याचे काम या दुर्लक्षित प्रश्नापासून सुरू होते.

हे काम सगळ्या गाड्यांना लागू होत नाही. १९५४ च्या करारानंतर टाटा आणि डायमलर-बेन्झ यांच्या सहकार्याने बनलेले जुने ट्रक लांब नाकाचे होते. आज महामार्गावर दिसणारे बहुतेक ट्रक चपट्या तोंडाचे असतात. त्यांची केबिन इंजिनावर असते आणि हवेची नळी केबिनच्या मागून उंच जाते. तिथे हवा मुळातच उंचावरून आणि बरीच गार मिळते, मडगार्ड कापून काही साधत नाही. प्रश्न येतो तो बॉनेटवाल्या गाड्यांचा. जुने नाकवाले टाटा आणि मुख्यतः पिकअप. भिवंडीच्या गोदामांतून ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या दुकानांपर्यंत रोजचा माल याच पिकअप पोचवतात. त्यांत एअर फिल्टरचा डबा बॉनेटखाली, एक्झॉस्ट आणि रेडिएटरच्या शेजारी बसतो. मूळ नळी बदलली गेली, तुटली किंवा दुरुस्तीच्या वेळी काढून ठेवली गेली, की फिल्टर इंजिनाभोवतीचीच तापलेली हवा ओढू लागतो.

तापलेली हवा विरळ असते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि बॉनेटखाली ६०, असे धरले तर त्याच घनफळात सुमारे साडेसात टक्के हवा कमी भरते. साधारण दर तीन अंशांना एक टक्का, हा हिशेब मिस्त्रीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. ठाणे आणि कल्याणच्या वाहतुकीत हा तोटा सर्वांत जास्त होतो. मुंब्रा बायपास पारसिकच्या डोंगराला लागून चढतो. न्हावा-शेवा बंदराकडून भिवंडीकडे जाणारे कंटेनर आणि त्यांच्यामध्ये अडकलेले पिकअप तिथे पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये सरकत असतात. शिळफाटा, कल्याण-शिळ रस्ता, घोडबंदर रोड इथेही तेच. गाडी हळू चालते म्हणून वारा लागत नाही, भार मात्र पूर्ण असतो, आणि पंखा रेडिएटरची गरम हवा बॉनेटखालीच फिरवत राहतो. कल्याण-डोंबिवलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा बॉनेटखालचे तापमान आणखी वर जाते. ड्रायव्हर म्हणतो, गाडी पिकअप घेत नाही, चढाला बसते. पुष्कळदा ती खरोखरच कमी हवेवर चालत असते.

या कामाबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे पुढून वारा घुसला की इंजिनात हवा दाबली जाईल, हा. गणित तसे सांगत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने चालणाऱ्या गाडीवर वाऱ्याचा दाब साधारण १६० पास्कल असतो, म्हणजे पाण्याच्या स्तंभाचे १६ मिलिमीटर. वातावरणाच्या दाबाशी तुलना केली तर ते एक टक्क्याच्या सहाव्या हिश्शाएवढे आहे. उलट, चोक झालेला एअर फिल्टर ५०० ते ६०० मिलिमीटर स्तंभाइतका अडथळा निर्माण करतो. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला सुमारे ६०० मीटर उंचीवर पोचेपर्यंत निसर्गच हवेचा सहा-सात टक्के दाब काढून घेतो. वाऱ्याच्या जोरावर हे भरून निघत नाही. झडपेचा लाभ दाबात नसतो, हवेच्या गारव्यात असतो. हे एकदा नीट पटले, की झडपेची जागा, आकार आणि तोंड यांचे निर्णय सोपे होतात.

गार हवा मिळाल्याने नेमके काय सुधारते, हेही इंजिनावर अवलंबून आहे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट मायको पंप म्हणतात, इंधनाचे माप मुख्यतः ॲक्सिलरेटर आणि गव्हर्नर ठरवतात. आत किती हवा आली हे बिगर-टर्बो इंजिनाच्या पंपाला कळत नाही. म्हणून हवा वाढली की आधी काळा धूर कमी होतो, एक्झॉस्टचे तापमान उतरते, आणि अर्धवट जळून वाया जाणारे डिझेल उपयोगी पडते. ताकद थोडी वाढते, पण चमत्कार होत नाही. टर्बो आणि इंटरकूलर असलेल्या इंजिनात इंटरकूलर पुढे बरीच उष्णता काढतोच, त्यामुळे फायदा कमी दिसतो. तरी टर्बोला गार हवा मिळाली तर त्याचे काम हलके होते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत हवेचे वजन मोजणारा सेन्सर नळीतच असतो. तिथे नळीचा व्यास किंवा वळण बदलले की मोजमाप चुकते आणि इंधन, धूर व एक्झॉस्टमधल्या फिल्टरची सफाई यांची सगळी साखळी बिघडते. अशा गाडीच्या हवामार्गाला हात न लावणे हेच योग्य.

कटर हातात घेण्यापूर्वी करायची तपासणी हा या कामाचा निम्मा भाग आहे. फिल्टर उजेडासमोर धरून पाहावा. होज पाइपच्या घड्या आणि चिरा बोटांनी चाचपाव्यात, क्लॅम्प ताणून पाहावेत. रेडिएटरच्या कडेचे रबर किंवा शीट गायब असेल तर गरम हवा पंख्यापुढे परत येते. ते रबर बसवणे झडपेपेक्षा स्वस्त पडते आणि अनेकदा जास्त उपयोगी ठरते. मग दोन मोजमापे घ्यावीत. पहिले तापमानाचे: दोन तारांच्या थर्मामीटरची एक तार फिल्टरच्या तोंडाशी आणि दुसरी बाहेर आरशापाशी ठेवून गाडी भरलेली असताना रोजच्या रस्त्याने फिरवावी. दुसरे अडथळ्याचे: पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरावे, एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपला जोडावे आणि पूर्ण फेऱ्यांवर पाण्याच्या पातळीतला फरक पट्टीने मोजावा. बाहेरच्या आणि फिल्टरच्या तोंडाशी असलेल्या तापमानात दहा अंशांपेक्षा कमी फरक असेल, तर पत्रा कापण्यात अर्थ नाही. पंचवीस-तीस अंशांचा फरक असेल, तर आहे.

मग जागा. मडगार्डच्या बाजूला, चाकामागे पट्ट्यांची नक्षी असलेली झडप देखणी दिसते, पण धावत्या गाडीच्या बाजूने हवा वेगाने सरकते आणि तिथला दाब घटतो. अशा जागची झडप बहुतेक वेळा आतली हवा बाहेर ओढते. इंजिनाची जागा थंड ठेवण्यासाठी ती योग्य, इंजिनाला हवा पाजण्यासाठी नाही. हवा घ्यायची असेल तर तोंड पुढे हवे: हेडलाइटच्या मागच्या पोकळीत, किंवा मडगार्डच्या वरच्या अंगाला, चाकाच्या फवाऱ्यापासून दूर. अनेक पिकअपमध्ये बाहेरच्या मडगार्डच्या आणि आतल्या अस्तराच्या मधली पोकळी मोठी असते आणि ती बॉनेटखालच्या जागेपेक्षा गार असते. फिल्टरची नळी त्या पोकळीत नेली आणि पोकळीला पुढून वाट दिली, तर बाहेरून दिसणारे भोक लहानच राहते.

आकार हिशेबाने ठरतो. मिनिटाला सहा हजार लिटर, म्हणजे सेकंदाला शंभर लिटर हवा, नळीत सेकंदाला वीस मीटर वेगाने जायची असेल तर ५० चौरस सेंटिमीटर वाट लागते. म्हणजे आतून ८० मिलिमीटर व्यासाची नळी. जाळीच्या तारा वाट अडवतात, म्हणून झडपेचे तोंड जवळपास दुप्पट, सुमारे आठ बाय बारा सेंटिमीटर ठेवावे. त्याहून मोठे भोक केवळ पत्रा कमजोर करते.

पत्रा कापताना घाई चालत नाही. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून मडगार्डवर चिकटवावा आणि आतल्या बाजूला वायरिंग, पाण्याची बाटली, हॉर्न, आधारपट्टी यांपैकी काय येते ते पाहावे. बॅटरीची तार सोडावी. चारही कोपऱ्यांवर आधी गोल भोके पाडून मग त्यांच्यामध्ये कापावे. काटकोनी कोपऱ्यापासून पत्र्याला तडा जातो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो लवकर जातो. कापलेल्या कडा कानशीने घासून लगेच झिंक प्रायमर मारावा. कोकणची दमट हवा आणि डोंबिवली एमआयडीसीच्या परिसरातली रसायनांची वाफ उघड्या लोखंडाला फार दिवस टिकू देत नाही. कडेला रबर बीडिंग बसवावे. इंजिन माउंटिंगवर हलते आणि मडगार्ड बॉडीबरोबर हलते, म्हणून दोघांमध्ये लवचीक नळी हवी. गॅरेजात सहज मिळणारी पीव्हीसी पाइप सुमारे ऐंशी अंशांना मऊ पडते. टर्बोजवळ तिचा वापर करू नये. एक्झॉस्टकडच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पत्रा आडोसा म्हणून लावावा.

ठाणे जिल्ह्यात या कामाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. कपभर पाणी सिलिंडरमध्ये गेले तरी वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ च्या पुरात आणि त्यानंतरही उल्हास, वालधुनीच्या काठच्या भागांत पाण्यातून गाडी नेण्याचा धोका सर्वांनी पाहिला आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसही अडकली होती. म्हणून झडपेचे तोंड मूळ नळीच्या तोंडापेक्षा खाली कधीही येऊ नये. तोंडातून आत आल्यावर नळी आधी खाली वळावी, मग वर चढावी, आणि सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला छोटे भोक असावे. त्या भोकात चिखल भरतो, तो पावसाळ्यात वरचेवर काढावा लागतो. काम झाल्यावर पाण्याचा पाइप झडपेवर काही मिनिटे सोडून, फिल्टर उघडून, कागद कोरडा आहे की नाही हे पाहिल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नये.

धूळ तितकीच घातक असते, फक्त तिचा परिणाम सावकाश दिसतो. शिळ-डायघरच्या दगडखाणी, घोडबंदर रोडवरचे आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गावरचे मेट्रोचे काम, रस्त्यांचे काँक्रिटीकरण, यांमुळे हवेत बारीक दगडी भुकटी असते. दहा-वीस मायक्रॉनचे कण पिस्टन रिंग आणि लायनरमधल्या तेलाच्या थरात शिरतात आणि दोन्ही घासतात. पुढे इंजिन तेल खाऊ लागते, कॉम्प्रेशन उतरते. झडप फिल्टरच्या आधीच असली पाहिजे आणि तिच्यापासून फिल्टरपर्यंतचा व फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा प्रत्येक सांधा घट्ट असला पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरची स्टीलची जाळी पाने, किडे आणि प्लॅस्टिकचे कपटे अडवते. भुकटी ती अडवत नाही, ते काम फिल्टरचेच. नव्या वाटेने हवा जास्त येते म्हणून फिल्टर तपासण्याचा काळही कमी करावा लागतो. डब्याच्या खालचा रबरी डस्ट व्हॉल्व्ह दाबून धूळ झटकायची सवय ड्रायव्हरला लावून द्यावी.

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व कडकपणे लागू केले. फिटनेसच्या वेळी ठाण्याच्या एमएच-०४ किंवा कल्याणच्या एमएच-०५ कार्यालयात गाडी उभी राहते, तेव्हा कापलेले मडगार्ड लपत नाही. त्यामुळे काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. जिथे मूळ नळी परत बसवून किंवा मडगार्डच्या पोकळीतून हवा घेऊन काम भागते, तिथे बाहेरचा पत्रा कापू नये. बाहेर टोकदार कडा निघेल अशी कोणतीही झडप पादचाऱ्यांच्या रस्त्यावर नको.

शेवटी पुन्हा मोजणी. तोच ड्रायव्हर, तेवढाच माल, तोच रस्ता आणि शक्यतो तीच वेळ: मुंब्रा बायपासचा चढ, किंवा कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाट. फिल्टरच्या तोंडाशी असलेले तापमान बाहेरच्या तापमानाच्या पाच-सात अंशांत आले असेल, यू-नळीतला फरक वाढलेला नसेल आणि चढावरचा काळा धूर उतरला असेल, तर काम जमले. तापमान उतरले नसेल तर वाट कुठेतरी गरम हवेला फुटलेली आहे. सांधे परत पाहावेत. अडथळा वाढला असेल तर नळी अरुंद किंवा जाळी दाट आहे. हे आकडे गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या फिल्टर-बदलाच्या वेळी नव्या मिस्त्रीलाही ताडून पाहता येते.