दोष कोणाचा?

मुलांनो, ही गोष्ट निकालाच्या दिवसांतली. नाशिकमधील आमच्या शाळेचा संगणक सुरू होता होताच बंद पडे आणि पुन्हा सुरू होई. सर्व गुणपत्रके त्यातच होती! आदल्या दिवशी एक विद्यार्थी त्यावर बसला होता. "तूच बिघडवलास," मी रागावलो. तो मान खाली घालून निघून गेला.

संध्याकाळी मी एकेक गोष्ट तपासली. प्लग बदलून पाहिला. वीज बंद करून पेटी उघडली, रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवली. तरी तेच! मग प्रोसेसरवरचा पंखा दिसला. धुळीने तो फिरतच नव्हता. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून संगणक आपोआप बंद होतो. मऊ ब्रशने धूळ झाडली आणि संगणक नीट सुरू झाला. गुणपत्रके सुरक्षित होती.

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक असेच अडकले होते. विमानेही खोळंबली. कारण होते सुरक्षेसाठी पाठवलेली एक सदोष फाइल. वापरणाऱ्यांचा काहीच दोष नव्हता.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असे मी केले होते. दुसऱ्या दिवशी भरवर्गात मी त्या विद्यार्थ्याची माफी मागितली. मुलांनो, आधी कारण शोधा, मग बोला.