गवळीकाकांचे दूध

वडिलांच्या नोकरीनिमित्त आम्ही कोलकात्यात, बागबाजारला राहत असू. गल्लीच्या टोकाला गवळीकाकांचा गोठा होता. एका पावसाळ्यात त्यांच्या गाईला न्यूमोनिया झाला. अंगात ताप, श्वासाला धाप, नाकातून घट्ट स्राव. चाऱ्याकडे ती पाहीना. जवळच्या बेलगाछियात १८९३ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिकडून आलेल्या डॉक्टरांनी प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू केली.

तिसऱ्या दिवशी गाय रवंथ करू लागली. काकांनी विचारले, “डॉक्टरबाबू, आता औषध पुरे ना?”

“ताप उतरला, जंतू संपले नाहीत. अर्धवट उपचारातून वाचलेले जंतू पुढे औषधाला जुमानत नाहीत. आणि मी सांगेन तोवर दूध विकू नका. औषधाचा अंश दुधात उतरतो.”

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेविषयी १९४५ सालीच असा इशारा दिला होता, हे मी पुढे वाचले.

गोठ्यात दुभती गाय ती एकच. तरीही काका रोज धार काढून दूध मोरीत ओतत राहिले. पाहणारे कोणी नव्हते, विचारणारेही नव्हते. ‘सचोटी’ हा शब्द मी नंतर पुस्तकात शिकलो. तिचे मोल मात्र त्या मोरीपाशी पाहिले होते.