इंजिनाची घोडी

मोटारीचे इंजिन मोटारीबाहेर चालताना आपण कधी पाहिले आहे काय? शेतावरचे पंपाचे इंजिन उघड्यावर धडधडत असते आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. पण मोटारीचे इंजिन म्हणजे घरंदाज वस्तू! त्याने बॉनेटच्या नाहीतर सीटच्या आड राहायचे. बाहेर ऐकू यायचा तो फक्त आवाज. म्हणूनच लोट्याला महामार्गालगतच्या एका गॅरेजात, ना चाके, ना सीट, ना हाकणारा, असे एक इंजिन लोखंडी घोडीवर बसून एकटेच गुरगुरत असलेले दिसले की, जाणारा-येणारा माणूस हटकून थबकतो. परशुरामाच्या दर्शनाला निघालेली कुटुंबेसुद्धा गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटे पाहत उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

ही घोडी जन्माला कशी आली, ते सांगायचे तर आधी थोडा भूगोल सांगितला पाहिजे. मुंबईहून गोव्याकडे जाताना खेड मागे पडले की लोटे येते. इथे रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहत आहे. पुढे परशुराम घाट, आणि घाट उतरला की वाशिष्ठीच्या काठचे चिपळूण. लोटे उंचावर, चिपळूण सखलात. एरवी या गोष्टीचे कोणाला महत्त्व वाटत नाही. पण २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी चिपळुणात शिरली. २००५ सालचा पूर ज्यांनी पाहिला होता, तेही या पाण्याला पाहून हबकले. बाजारपेठ बुडाली, तळमजले बुडाले, आणि दारात उभ्या असलेल्या मोटारी तर टपासकट पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरले तेव्हा गल्लोगल्ली चिखलाने लिंपलेल्या गाड्या उभ्या होत्या. आणि त्या ओढून आणायच्या कुठे, तर ज्या गॅरेजात पाणी शिरलेले नाही तिथे. आमच्या मिस्त्रींच्या अंगणात पंधरा दिवसांत पाय ठेवायला जागा उरली नाही.

बुडालेली मोटार वाळवली की चालू होते, असा पुष्कळांचा समज असतो. तो घातक आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी भरलेले असताना कोणी उत्साहाने किल्ली फिरवली, तर वर येणाऱ्या दट्ट्याला पुढे जायला वाट राहत नाही, आणि त्याला क्रँकशी जोडणारा दांडा वाकतो. शिवाय पाण्याबरोबर येतो तो गाळ. तेलात मिसळून तो दुधाच्या चहासारखा दिसतो, आणि बेअरिंगांत जाऊन काचकागदासारखे काम करतो. असे इंजिन पुरते सोडवावे लागते. क्रँक घासून घ्यायचा, बोअर वाढवायचे, मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे, व्हॉल्व्ह बसवायचे. म्हणजे जवळजवळ नवीन जन्मच!

आणि जन्माला आलेले मूल रडले की नाही, हे कळायचे केव्हा? तर इंजिन पुन्हा गाडीत बसवून, तारा-नळ्या जोडून, पाणी-तेल भरून किल्ली फिरवल्यावर. त्या वेळी मागच्या सीलमधून तेलाचा थेंब पडू लागला, तर सगळे परत उतरवायचे. त्या पावसाळ्यात आमच्या मिस्त्रींवर असा प्रसंग दोनदा आला. पूर्ण दिवसाची मजुरी तर गेलीच, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे गाडीचा मालक बाजूला स्टुलावर बसून सारे बघत होता. तो काही बोलला नाही. मात्र त्याचा चेहरा म्हणत होता, “मिस्त्रींनी जुनेच बेअरिंग घातलेले दिसते!” पुराने ज्याचे घर धुऊन नेले आहे, त्याने संशय घेतला तर त्याला दोष कसा द्यावा? आणि जो रात्री बारापर्यंत तेलात हात घालून बसतो, त्याने तरी तो संशय का सोसावा?

मी वसाहतीतल्या एका कारखान्याच्या देखभाल खात्यात आयुष्य काढलेला माणूस. आमच्याकडे दुरुस्त केलेला पंप जागेवर नेण्यापूर्वी वर्कशॉपमधल्या बाकावर चालवून बघण्याचा शिरस्ता होता. तेव्हा मी मिस्त्रींना म्हटले, “इंजिनालाही असा बाक करू या.”

“काका, पंपाला खाली दोन बोल्ट मारले की झाले. हे उड्या मारील!” मिस्त्री म्हणाले.

उड्या मारू नयेत म्हणूनच तर घोडी भक्कम हवी. भंगारवाल्याकडून लोखंडी चॅनेलचे तुकडे आणले, आणि चार बाय तीन फुटांची चौकट जोडली. पाय मुद्दाम फाकवून ठेवले. कारण इंजिनाला एकदम रेस दिली की ते ज्या दिशेने फिरते त्याच्या उलट अंग टाकते. अरुंद पायांची घोडी अशा वेळी कलंडायचीच. चौकटीवर गाडीतल्यासारखेच रबरी पाये बसवले. त्याशिवाय कंप थेट लोखंडात उतरतो आणि वेल्डिंगचे टाके उकलतात.

खरी अडचण पुढेच होती, आणि ती पुस्तकात वाचून कळणारी नव्हे. इंजिन चालू करायला स्टार्टर हवा. पण तो इंजिनावर नसून गिअर पेटीच्या तोंडावर बसतो! आणि गिअर पेटी तर आम्हाला नको होती. दोन दिवस आम्ही नुसते बघत बसलो. शेवटी मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने भंगारातली एक फुटकी गिअर पेटी पुढे ओढली आणि तिचे तोंड तेवढे हॅकसॉने कापून आणले. इंजिनाच्या पाठीला ते बोल्टांनी बसले, स्टार्टर त्यावर बसला, फिरणारे फ्लायव्हीलही आपोआप झाकले गेले. त्या पोराला त्या दिवशी दोन वेळा चहा मिळाला.

बाकीचे सोपे. एका मोडीत गेलेल्या गाडीचा रेडिएटर आणि त्याचा विजेचा पंखा. बॅटरी, किल्ली, आणि हाताला चटकन लागेल असे बंद करण्याचे बटन. पेट्रोलची छोटी टाकी एक्झॉस्टपासून लांब, दुसऱ्या बाजूला. आणि जवळ वाळूची बादली. धूर पन्हाळीच्या नळीने थेट बाहेर, कारण बंद शेडमध्ये पेट्रोलचा धूर म्हणजे वास न येणारे विष. आणि शेवटी, गाडीत जिथे तेलाच्या दिव्याचे बटन असते, त्या भोकात तांब्याची नळी आणून जोडलेला दाबाचा काटा.

हा काटा लावला नसता तर घोडीची किंमत अर्ध्याने कमी झाली असती असे माझे मत आहे. साध्या गाडीत तेलासाठी एक तांबडा दिवा असतो. दाब अगदी तळाला गेल्यावर तो पेटतो. म्हणजे घराला आग लागल्यावर कुत्रा भुंकावा, तसा! काट्याचे तसे नाही. तो उतरू लागला की उतरताना दिसतो.

घोडीचे सगळेच गुण गाऊन चालणार नाही. तिच्यावर इंजिन मोकळे धावते, त्याच्यावर ओझे नसते; आणि नव्या रिंगा बोअरमध्ये नीट बसायला ओझे लागतेच. इंजिनाला ओझे देऊन त्याची ताकद मोजायची युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये प्रोनी नावाच्या इंजिनिअराने १८२१ साली फिरत्या दांड्यावर लाकडी ब्रेक आवळून ती केली. इंग्लंडातल्या विल्यम फ्रूड यांनी १८७७ साली तेच काम पाण्याकडून करून घेतले. आपल्याकडे पुण्याला १९६६ पासून मोटारींच्या संशोधनाची जी संस्था आहे, तिथे इंजिनांची अशी परीक्षा शास्त्रशुद्ध होते. आमची घोडी परीक्षा घेत नाही, फक्त हजेरी घेते. ओझ्याची कसोटी पुढे परशुरामाच्या घाटातच व्हायची.

पण हजेरीतही किती कळते पाहा. चिपळूणचे एक जोडपे लोट्याच्या कारखान्यांच्या कँटीनना पाव पुरवीत असे. त्यांची जुनी, कार्बुरेटरची ओम्नी पुरात बुडालेली. २०१९ साली ती गाडी निघायचीच बंद झाली होती, आणि दुसरी घ्यायला हातात पैसा नव्हता. गाडी नाही म्हणजे पाव नाही. कँटीनवाले तरी किती दिवस वाट पाहणार? तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे ते इंजिन घोडीवर चढले, त्या दिवशी नवरा-बायको दोघेही सकाळीच येऊन बसले.

मिस्त्रींनी आधी प्लग काढून नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवले, काट्याने दाब दाखवला तेव्हाच प्लग लावले. तिसऱ्या झटक्याला इंजिन बोलले. आवाज एकसारखा, मिसिंग नाही, गळती नाही. काटा तीनवर. भाऊंनी खिशातून पेढ्यांचा पुडा काढला.

वहिनी मात्र काट्यासमोरून हलल्या नव्हत्या. वीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, “मिस्त्री, हा काटा मघाशी तीनवर होता. आता एकाच्याही खाली आलाय.”

मिस्त्रींनी क्षणात बटन दाबले. तेल गरम झाले की पातळ होते, तेव्हा दाब थोडा उतरणारच. पण इतका नव्हे. कुठून तरी तेल वाट काढीत होते. इंजिन घोडीवरच होते म्हणून चेंबर आणि पुढचे झाकण दुपारपर्यंत उघडून झाले. तेलाच्या पंपात जास्तीचा दाब सोडून देणारी एक लहानशी झडप असते. धुऊन पुसूनही तिच्या कडेला पुराचा एक खडा राहिला होता, मोहरीपेक्षा लहान. तेवढ्याने ती झडप अर्धी उघडी अडकली होती. थंड, घट्ट तेल तिथून जेमतेम सुटे. पातळ झालेले तेल मात्र भराभर निसटे.

गाडीत हे कळले नसते. दाब एकाच्या आसपास आहे तोवर तांबडा दिवा पेटत नाही. पाव भरलेली गाडी रोज घाट चढली असती, आणि काही दिवसांत नवा घासलेला क्रँक खराब झाला असता. मग भाऊ म्हणाले असते, मिस्त्रींनी फसवले. आणि मिस्त्री म्हणाले असते, यांनी गाडी नीट वापरली नाही. दोघेही मनापासून!

झडप साफ झाली, संध्याकाळी इंजिन पुन्हा तासभर चालले. गरम झाल्यावरही काटा अडीचच्या खाली आला नाही. पेढे तेव्हा वाटले गेले.

इंजिन गाडीत चढवायच्या वेळी वहिनींनी विचारले, “गाडीत नुसता दिवाच असतो ना? मग हा काटा तिथं का नाही बसवत?”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. त्यांनी पाना घेतला, घोडीवरचा काटा उतरवला, आणि ओम्नीच्या डॅशबोर्डखाली, शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला नीट दिसेल असा बसवून दिला. घोडीला नवा काटा आणायला मी दुसऱ्या दिवशी खेडला गेलो.